करडा बिल्ला

शाळा सुटायची वेळ जवळ आली की पहिलीच्या बाई कपाटातून पत्र्याचा एक डबा काढून टेबलावर ठेवत. बिस्किटांचा जुनाच डबा तो, पण वर्गात त्याचा दरारा हेडसरांपेक्षा जास्त. झाकण उघडताना करकर व्हायची आणि ती करकर ऐकली की दिवसभर कालवा करणारी पोरं चिडीचूप व्हायची.

डब्यात बिल्ले होते. कोटाच्या बटणाएवढे, वर कापड चढवलेले, मागे छोटी सेफ्टी पिन शिवलेली. एका कप्प्यात पिवळे, दुसऱ्यात करडे. पिवळ्यावर दोऱ्यानं हसरा चेहरा काढलेला होता. करड्यावर काहीच नव्हतं. बाईंनी सुट्टीत घरी बसून, डोळे दुखेपर्यंत, ते स्वतःच्या हातानं बनवले होते. दिवसभर जो शहाण्यासारखा वागला त्याच्या छातीवर पिवळा, जो नाही वागला त्याच्या छातीवर करडा. बिल्ला लावूनच घरी जायचं, झोपेपर्यंत काढायचा नाही आणि सकाळी परत आणून द्यायचा, असा नियम होता. संध्याकाळी बाई फोनवर सगळ्या घरांना निरोप धाडत: आज कुणाला कुठला बिल्ला, आणि का. त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘घरचा निरोप’.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसांच्या गोष्टी लिहायला सोप्या असतात आणि वाचायलाही. वाचणारा त्यातून सहीसलामत सुटतो. या बाईंनी कधी वर्गात छडी आणली नाही. शेजारच्या वर्गात पट्टीचा आवाज आला की यांचा फळ्यावरचा खडू थांबायचा. हात न लावता मुलांना वळण लावायचं असा त्यांनी चंग बांधला होता, आणि त्यातूनच हे बिल्ले निघाले होते. पालक खूश होते, हेडसर तर त्याहून खूश. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना बिल्ले द्यायचे आणि पालकसभेत बाईंचा सत्कार करायचा, असं ठरलंही होतं.

आणि बिल्ला कामही करत होता, यात शंका नाही. शाळा सुटली की सगळा रस्ता पोरांच्या छात्या वाचायचा. कोपऱ्यावरचा फळवाला पिवळ्या बिल्ल्याला एक द्राक्ष द्यायचा आणि करड्याला म्हणायचा, “काय साहेब, आज काय दिवे लावले?” बसथांब्यावरच्या बायका ओळख ना पाळख, पण करडा दिसला की “अरेरे” म्हणायच्या. छोट्या छोट्या छात्या मग दप्तराआड, डब्याआड, आईच्या पदराआड जायच्या. याला सगळे मिळून शिस्त म्हणत.

करड्या कप्प्याशी सगळ्यात जास्त ओळख होती ती भिंगरीची. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण ती जागेवर बसलेली कुणी पाहिलीच नव्हती, म्हणून सगळी शाळा तिला भिंगरीच म्हणायची. बडबडी, चौकस, दुसऱ्याचं उत्तर आधी सांगून मोकळी होणारी. गणित सोडवताना उभी राहायची, गोष्ट ऐकताना बाकाखाली जायची आणि तिथून विचारायची, “मग त्या राजाला थंडी नाही वाजली?” तिचे वडील किल्ल्या बनवायचे. इमारतीच्या तळाला त्यांचं हातभर रुंद दुकान आणि वर तिसऱ्या मजल्यावर घर.

भिंगरीला करडा बिल्ला लावला की घरी पोचेपर्यंत तो छातीवर टिकायचा नाही. आधी तो खिशात सापडला. बाईंनी मग फाटकापाशी तपासणी सुरू केली. दुसऱ्या वेळी तो मोज्यात सापडला आणि तिसऱ्या वेळी पाण्याच्या बाटलीच्या झाकणात. बाईंना रागापेक्षा हसूच जास्त आलं. त्या दिवशीच्या निरोपात त्यांनी लिहिलं, “आमची भिंगरी आज जादूगार झाली! बिल्ला गायब केला, पण बाईंनी बाटलीतून प्रकट केला!” त्यावर पालकांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. वर्गातल्या जुळ्या भावांच्या आईनं लिहिलं, “बाईंच्या डोळ्यांतून काही सुटत नाही!” किल्लीवाल्यानं तेवढं काही पाठवलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत पोरांनी एक नवा खेळ काढला होता. बाईंनी तो एकदा व्हरांड्यातून पाहिला. खेळाचं नाव बिल्ला-बिल्ला. एकानं करडा बिल्ला घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्यानं त्याचे आईबाबा व्हायचं. एक मुलगा आई झाला आणि तोंड फिरवून बसला, “मी तुझी आई नाहीच.” दुसऱ्यानं बाबा होऊन खोटाखोटा दिवा घालवला. भिंगरीची पाळी आली तेव्हा ती एकच शब्द म्हणाली, “जिन्यात!” समोरच्या मुलीनं मुकाट्यानं बूट काढले आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग भिंगरी तिच्यासमोरून पुन्हा पुन्हा जायला लागली, दर वेळी नवा आवाज काढून. म्हाताऱ्या आवाजात, “आज पण?” खर्जात, “परत का गं?” नाकातून, “हिला वर घेऊच नका.” अशा नकला की बाईंना हसू आवरेना. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता त्या सगळ्यांना करून दाखवल्या आणि सगळे पोट धरधरून हसले. जिना कुठला, हे मात्र कुणी विचारलं नाही, बाईंनीही नाही.

सभेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी हेडसर दुसऱ्या शाळेतल्या पाहुण्यांना बाईंचा वर्ग दाखवायला घेऊन आले होते. पोरं हाताची घडी घालून बसलेली, फळ्यावर बेरजा, सगळं कसं जिथल्या तिथं. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरानं घरटं केलं होतं आणि त्यात दोन अंडी होती, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिकडे बघायचं नाही असं बाईंनी सकाळीच बजावलं होतं. हेडसर पाहुण्यांना म्हणत होते, “बघा, आवाज म्हणून नाही,” तेवढ्यात भिंगरी ताडकन उठली.

“फुटलं! बाई, फुटलं! पिल्लू आलं बाहेर!”

झालं. अख्खा वर्ग खिडकीशी. कुणी बाकावर, कुणी कुणाच्या खांद्यावर. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हेडसरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांनी आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसत. नुसता डबा टेबलावर आणून ठेवला. करकर झाली आणि वर्ग जागेवर गेला. भिंगरी आपण होऊन पुढे आली. बाईंनी तिच्या छातीवर करडा बिल्ला लावताना ती हळूच म्हणाली, “बाई, आज नको ना. बाबा येणारेत न्यायला. उद्या दोन लावा.”

“नियम म्हणजे नियम,” बाई म्हणाल्या. पाहुणे ऐकत होते.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी नेहमीची गर्दी होती. किल्लीवाला दुकान सोडून लेकीला न्यायला आला होता, कोपऱ्यात उभा होता. भिंगरी रांगेतून आली तेव्हा तिच्या छातीवर बिल्ला नव्हता.

“बिल्ला कुठाय?” बाईंनी विचारलं.

भिंगरीनं मान हलवली.

“खिसे दाखव.”

तिनं दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले. त्यातून पेन्सिलीचा तुकडा पडला.

“मोजे.”

तिनं बूट काढले, मोजे काढले, झटकून दाखवले. बाटलीचं झाकणही उघडून दाखवलं. आतापर्यंत भोवती कोंडाळं जमलं होतं. जुळ्यांची आई फोन वर धरून म्हणाली, “थांबा हं बाई, हे घेतेच मी. आता बघू कुठून काढतात!” कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. किल्लीवाला खाली मान घालून हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत होता. आणि बाई, दुपारच्या फजितीनंतर पहिल्यांदाच, जरा खुलल्या. त्यांना दिसलं की एवढी बडबडी पोर मघापासून एक अक्षर बोललेली नाही.

“अच्छा!” बाई लोकांकडे बघत म्हणाल्या, “आता आलं लक्षात. आ कर बघू.”

भिंगरीनं बाईंकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या बाबांकडे. तिचा गळा एकदा खालीवर झाला. मग तिनं मोठा आ केला, जीभ बाहेर काढली, अगदी डॉक्टरला दाखवतात तशी. तोंड रिकामं होतं.

बाई क्षणभर ओशाळल्या. “बरं, मग गेला कुठे?” असं त्या म्हणेपर्यंत भिंगरी खोकली, वाकली आणि तिच्या हनुवटीवरून लाळेबरोबर लाल धार आली. किल्ल्यांचं जुडगं फरशीवर पडल्याचा आवाज बाईंना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

सहा वर्षांच्या बोटांना सेफ्टी पिन उघडता येते, पण परत लावता येत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. पिन उघडी होती आणि घशाच्या खाली, अन्ननलिकेत, आडवी रुतून बसली होती. भूल देऊन नळी घालून काढावी लागेल, आत फाटलं तर मात्र काही सांगता येत नाही, असं सांगून त्या आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर तिघं बसले होते. एका टोकाला किल्लीवाला, मधे भिंगरीची आई, कामावरून तशीच धावत आलेली, आणि दुसऱ्या टोकाला बाई. तिथं बसायचा आपल्याला हक्क नाही असं बाईंना वाटत होतं, आणि उठून जायचा तर त्याहून नाही. त्यांच्या मांडीवर भिंगरीचं दप्तर होतं. त्यातून तिचे मोजे बाहेर लोंबत होते.

“आम्ही तिला मारत नव्हतो हो बाई,” किल्लीवाला अचानक म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. “बोट लावलं नाही कधी. शप्पथ.”

“मग घरी करडा बिल्ला आला की...” बाईंना पुढे विचारवेना.

“जिन्यात उभं करायचो. बूट काढून, आमच्या दारासमोर. बिल्ला दिसेल असं. मी दुकान बंद करून वर येईपर्यंत.” त्यानं हातांकडे पाहिलं. कानसून कानसून त्याच्या बोटांत लोखंडाची भुकटी कायमची बसली होती. “इमारतीतली माणसं जाता-येता बोलायची तिला. आज पण का, परत का. म्हटलं बोलू दे, चार लोकांत लाज वाटली की सुधारेल. तुम्हीच निरोपात लिहिलं होतं ना, बिल्ल्याचा मान घरीही राखा म्हणून. मी मुळात कमी शिकलेला माणूस. म्हटलं बाई सांगतायत म्हणजे पोरीच्या भल्याचंच असणार. तुम्ही लिहायचात आणि मी तसं वागायचो.”

बाईंना ते वाक्य आठवत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं होतं, कारण त्यांना ते आवडलं होतं.

त्यांच्या कानात भिंगरीच्या त्या नकला घुमायला लागल्या. म्हातारा आवाज, खर्जातला आवाज, नाकातला आवाज. त्या नकला नव्हत्याच. ती पोर सांगत होती, भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, रोज काय होतं ते सांगत होती. आणि बाईंनी तो तमाशा चहाबरोबर वाटला होता.

“बाई,” भिंगरीची आई पहिल्यांदाच बोलली, दाराकडे बघत, “हल्ली ती घरात पाणी प्यायलासुद्धा विचारायची. पिऊ का? बसू का? हसू का, असंही विचारलं एकदा. मला वाटलं, सुधारतेय. मी शेजारी सांगितलं, बाईंनी जादू केली म्हणून.”

आईनं रडायला सुरुवात केली आणि किल्लीवाला उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. पिन निघाली होती, पोर वाचली होती. आत जखम होती, थोडे दिवस नळीनं दूध, मग पातळ अन्न, बोलायचं मात्र बेतानं. आईवडील आत धावले. डॉक्टरांच्या हातात एक छोटी वाटी होती आणि त्यात ओलाचिंब, काळपट झालेला बिल्ला.

“हे नेमकं काय आहे हो?” त्यांनी विचारलं. “तुम्ही कोण तिच्या?”

“मी तिची बाई. शाळेतली. बिल्ला आहे तो.”

“कसला?”

“म्हणजे... ज्या मुलांचं वागणं चांगलं नसतं, त्यांना लावतो.”

“हिनं काय केलं होतं?”

“जागेवरून उठली होती.”

“का?”

“अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, ते बघायला,” बाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःच्याच तोंडून ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

डॉक्टरांनी मान खाली घालून वाटीत पाहिलं. रागावल्या नाहीत. वाटी त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या रुग्णाकडे गेल्या. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

घरी नवऱ्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला. सकाळी चहाचा कप पुढे सरकवत तो म्हणाला, “तू काय तिला पिन गिळायला सांगितलं होतंस का? अपघात तो. मुलं काहीही तोंडात घालतात.”

“मी आ कर म्हटलं,” बाई म्हणाल्या. “तिच्याकडे लपवायला दुसरी जागाच शिल्लक नव्हती रे. एकेक करून सगळ्या मीच शोधून काढल्या होत्या.”

चहावर साय धरली तरी त्या तशाच बसून राहिल्या.

पालकसभा पुढे ढकलतील असं बाईंना वाटलं होतं, पण ती ठरल्या दिवशीच झाली. सत्काराचा गुच्छ आधीच सांगून ठेवलेला होता, तो कोपऱ्यात बादलीतल्या पाण्यात उभा होता. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. पहिलीच्या चिमुकल्या बाकांवर मोठाली माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. किल्लीवाला आला नव्हता.

हेडसरांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. मुलगी सुखरूप घरी आली आहे असं सांगितलं. मग म्हणाले, “यातून आपण धडा घेतला पाहिजे. मी स्वतः विचार केला आहे. दोष पिनचा आहे. इतक्या लहान मुलांच्या कपड्यांना पिन लावणं धोक्याचंच. पुढच्या वर्षीपासून पिन पूर्णपणे बंद.”

“चिकटवायचे करा ना,” जुळ्यांची आई म्हणाली. “मिळतात तसे. गिळले तरी काही होत नाही.”

“रंगाचा शिक्का मारा हातावर,” एक टॅक्सीवाला बाबा म्हणाला. “लपवायचा प्रश्नच मिटला.”

यावर माना डोलल्या. शिक्का धुतला जाईल का, कुठली शाई चांगली, यावर दोघातिघांत चर्चाही सुरू झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं. एक पोर मरता मरता वाचली होती आणि भली शहाणी माणसं शाई निवडत होती. बाई हे ऐकत होत्या. आठवडाभरापूर्वी आपणही यांच्यात बसून हिरिरीनं शाई निवडली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना कुणावर रागावता येईना.

त्या उठल्या. डबा टेबलावर होताच. त्यांनी झाकण उघडलं, करकर झाली, आणि गंमत अशी की बाकांवरची मोठी माणसंसुद्धा गप्प झाली.

“दोष पिनचा नाही,” बाई म्हणाल्या. “पिन नसती तर ती पोर वाचली असती असं तुम्हाला वाटतं. ती फक्त दवाखान्यात गेली नसती. रोज जिन्यात उभी राहिली असती आणि आपण तिला शहाणी झाली म्हटलं असतं. मी तिला चारचौघांत उभं केलं, खिसे उलटे करायला लावले, मोजे काढायला लावले. चोरालासुद्धा आपण आडोशाला नेऊन तपासतो. तिनं चोरलं काय होतं? तिला लाज वाटत होती आणि ती लाज तिला लपवायची होती, एवढाच तिचा गुन्हा.”

“बाई, तुम्ही फार मनाला लावून घेताय,” हेडसर म्हणाले.

“सर, उशीरच झालाय मनाला लावून घ्यायला.”

“पण मग शिस्त कशी लागणार?” टॅक्सीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. “आमच्या वेळी छड्या खाल्ल्या आम्ही. तुम्ही तर मारतही नाही. जरा लाज वाटली तर बिघडलं कुठे? पोर डोक्यावर बसेल ना.”

“माझ्याकडे उत्तर नाही,” बाई म्हणाल्या. “शोधावं लागेल. उभं राहून गणित सोडवणाऱ्या पोरीला उभं राहू देता येतं का, इथपासून. पण ते सापडेपर्यंत मी कुठल्याही मुलाची लाज काढून ती रस्त्यावर विकणार नाही. बिल्ले बंद, शिक्काही मारणार नाही. कुणाचं काय चुकलं हे सगळ्या गावाला सांगणारा निरोपही आजपासून बंद. ज्याचं त्याच्या घरी, दार लावून बोलेन, तेही मूल समोर नसताना. आणि तुम्ही घरी काय करता ते मला सांगा. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.”

“सगळ्या शाळेनं ठरवलेली गोष्ट आहे ही,” हेडसर हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही नाही केलं तर दुसऱ्या कुणाला तरी हा वर्ग द्यावा लागेल. विचार करून सांगा.”

“विचार न करता केलं होतं सर, तेच निस्तरतेय. वर्ग काढून घ्यायचा तर घ्या. ज्या बाई येतील, त्यांना मी हेच सांगायला दारात उभी राहीन.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरेच पालक नाराज होऊनच उठले. दोघं जण जाताना म्हणालेही, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. जुळ्यांची आई शेवटपर्यंत बाकावर बसून होती. सगळे गेल्यावर ती बाईंपाशी आली आणि म्हणाली, “दोघांतला धाकटा रोज पिवळा घेऊन येतो. घरी आल्यावर भावाची चहाडी करतो, मग रात्री झोपेत ओरडतो, मी नाही, मी नाही. मला वाटायचं, स्वप्न असेल.” तिनं फोन काढला, फाटकापाशी घेतलेलं ते चित्रण पुसून टाकलं आणि निघून गेली. गुच्छ बादलीतच राहिला.

त्याच दिवशी बाई भिंगरीच्या घरी निघाल्या. जाताना त्यांनी वाक्यं जुळवली होती. माफी मागायची होती, सहा वर्षांच्या मुलीची, तिच्या आईवडिलांसमोर. सांगायचं होतं की बिल्ले संपले. सांगायचं होतं की दुसरं अंडंही फुटलं, पिल्लांना आता पिसं फुटतायत आणि तुझं बाक आम्ही खिडकीशी नेऊन ठेवलंय; उठायचं झालं तर खुशाल ऊठ.

तळाचं दुकान उघडं होतं. किल्लीवाला कानस बाजूला ठेवून उठला. “वर आहे ती,” तो म्हणाला. “जिना बंद केला बाई. त्याच दिवशी. इमारतीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं, कुणी तिला काही बोलू नका. चला, मीही येतो.”

वरच्या खिडकीतून एक छोटं डोकं खाली बघत होतं. बाईंनी हात हलवला. डोकं आत गेलं.

जिना अरुंद होता आणि कठडा हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाईंना दम लागला, तेव्हा त्यांना वर दार उघडल्याचा आवाज आला. तिची आई आतून हाक मारत होती, “अगं कुठे निघालीस? बाई येतायत ना भेटायला!”

त्या वर पोचल्या. दारासमोरच्या चौकोनी जागेत, भिंतीला पाठ लावून, भिंगरी उभी होती. शाळेचे बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवलेले. गळ्याभोवती मऊ फडकं बांधलेलं. चेहरा सुकलेला. किल्लीवाला खालच्या पायरीवर थबकला आणि त्यानं कठडा घट्ट धरला.

“बाळ, मी...” बाईंनी सुरुवात केली.

भिंगरीनं फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले. मग खाली वाकून एक मोजा काढला, झटकला, जमिनीवर ठेवला. दुसरा काढला, झटकला, त्याच्या शेजारी ठेवला. सरळ उभी राहिली, हात बाजूला, आणि मान वर करून तिनं आ केला. घसा दुखत असणार, डोळ्यांत पाणी आलं, पण जीभ बाहेर काढून तिनं तोंड जितकं उघडता येईल तितकं उघडलं.

“मिट,” बाई कशाबशा म्हणाल्या. “मिट गं राणी, तोंड मिट. मला काही बघायचं नाही.” त्या तिच्यासमोर पायरीवरच खाली बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या.

पण भिंगरीनं तोंड मिटलं नाही. बाईंचं बघून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, वर्षभर बाईंना हवी होती तशी, अगदी शहाण्यासारखी, न हलता.